कंपनी निवडण्याआधी तिचे प्रतिस्पर्धी मोजा

दहावी-बारावीचे निकाल लागले की ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दोन प्रकारच्या चौकश्या येतात. एक, नवी बॅच कधी सुरू होतेय. आणि दुसरी, "मॅडम, मुलाला मशीन घ्यायचंय, कुठल्या कंपनीचं घेऊ?" क्लासच्या दोन्ही लॅबची खरेदी मीच बघते, बिघडलेली मशीनंही माझ्याच देखरेखीखाली दुरुस्त होतात, म्हणून लोक विश्वासाने विचारतात. मी त्यांना उलट दोन गोष्टी विचारते. जी वस्तू घेताय ती बाजारात आणखी कोण कोण बनवतं? आणि घेतल्यानंतर ती बिघडली किंवा अपुरी पडली, तर दुसऱ्या कुणाकडे जायची सोय आहे का?

एवढं नीट शोधलं की कंपनीचं नाव बहुतेक वेळा आपसूक ठरतं. कसं शोधायचं ते एकेक भाग घेऊन सांगते.

प्रोसेसर

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. घरच्या साध्या डेस्कटॉपसाठी त्यात दोनच नावं आहेत, इंटेल आणि एएमडी. दोनच खेळाडू असल्यामुळे त्यातला एक ढिला पडला की गिऱ्हाइकाचे हाल होतात, आणि हे एकदा होऊन गेलंय. इंटेलचे चार कोरचे (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) प्रोसेसर २००७ मध्येच साध्या डेस्कटॉपसाठी मिळू लागले होते. २०११ मध्ये एएमडीची बुलडोझर मालिका आली, ती चालली नाही, आणि पुढची काही वर्षं वरच्या वर्गात इंटेलला टक्कर देणारं कुणी राहिलं नाही. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या कोअर आय७-७७००के मध्येही कोर चारच होते. दहा वर्षांत एकही वाढला नाही. इंटेलचे आठ कोर हवेच असतील तर वेगळ्या महागड्या श्रेणीत जाऊन नुसत्या प्रोसेसरला हजार डॉलरहून जास्त मोजावे लागायचे.

मार्च २०१७ मध्ये एएमडीने रायझन आणला. आठ कोरचा रायझन ७ १७०० हा ३२९ डॉलरला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये इंटेलच्या आय७ ला सहा कोर आले आणि आय३ दोनावरून चारावर गेला. २०१८ मध्ये साध्या डेस्कटॉपसाठी आठ कोरचा आय९ आला. दहा वर्षं जे हललं नव्हतं ते दोन वर्षांत दुप्पट झालं. हे ज्याने इंटेल घेतला त्यालाही मिळालं आणि ज्याने एएमडी घेतला त्यालाही. माझ्या मते स्पर्धेबद्दल समजून घ्यायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच: आपण ज्या कंपनीचं घेत नाही, तिच्या असण्यानेही आपला फायदा होत असतो.

इथवर ऐकलं की समोरचे काका म्हणतात, "म्हणजे एएमडीच घ्यावा." नोव्हेंबर २०२० मध्ये एएमडीची ५००० मालिका आली तेव्हा ती इंटेलच्या पुढे होती. मग एएमडीने काय केलं? रायझन ५ ३६००एक्स २४९ डॉलरला आला होता, त्याच्या जागी आलेला ५६००एक्स २९९ डॉलरला. त्याचा स्वस्त भाऊ, साधा ५६००, तेव्हा आणलाच नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये इंटेलने बारावी पिढी आणली, जानेवारी २०२२ मध्ये त्यातला परवडणारा आय५-१२४०० आला, आणि एप्रिल २०२२ मध्ये एएमडीचा ५६०० एकदाचा १९९ डॉलरला बाजारात आला. पुढे असलेली कुठलीही कंपनी अशीच वागते. म्हणून मागच्या खेपेला जे नाव घेतलं तेच पुन्हा घ्यायचं, असं मी कधीच ठरवत नाही. दर खरेदीला पाटी कोरी.

आता प्रत्यक्षात काय करायचं. दुकानदाराकडून एकाच दिवशी दोन कोटेशनं घ्या, एक इंटेलचं, एक एएमडीचं. नुसता प्रोसेसर धरू नका; प्रोसेसर, बोर्ड (सगळे भाग जोडले जातात तो मदरबोर्ड) आणि रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) यांची मिळून बेरीज बघा. प्रोसेसर स्वस्त पण त्याला लागणारा बोर्ड महाग, असं पुष्कळदा होतं. कॉलेजच्या मुलाला सुरुवातीला वेगळं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग) लागणार नसेल, तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे ना, हे विचारा. इंटेलच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर ते नसतं. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) नावाच्या शेवटी 'जी' असलेलेच घ्यावे लागतात. आणि गेल्या तीन-चार महिन्यांत दोघांपैकी कुणाची नवी पिढी आली आहे का, ते बघा. आली असेल तर समोरच्या कंपनीच्या आणि तिच्याच जुन्या पिढीच्या किमती उतरायला लागतात. आमच्या लॅबची खरेदी मी अशाच वेळी करते, सर्वांत नव्या पिढीच्या एक पायरी मागे.

सॉकेटचाही विचार इथेच करा, कारण पुढच्या वेळची मोकळीक त्यावर ठरते. आमच्या एका लॅबमध्ये बी४५० बोर्डवर रायझन ३ ३२००जी होते. काही वर्षांनी बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डवर ५६००जी बसवले. बोर्ड, रॅम, कॅबिनेट सगळं तेच राहिलं, फक्त प्रोसेसर बदलला. यात गिऱ्हाइकांचाही हात आहे. २०२० मध्ये एएमडीने आधी जाहीर केलं होतं की ४०० मालिकेच्या बोर्डवर, म्हणजे आमच्या बी४५० वरही, नवे प्रोसेसर चालणार नाहीत. लोकांनी इतकी ओरड केली की काही दिवसांतच निर्णय फिरवावा लागला. दुसरीकडे जायला जागा असते तेव्हाच अशी ओरड कामी येते.

रॅम आणि डिस्क: नावं पुष्कळ, कारखाने मोजके

दुकानाच्या काचेमागे रॅमची किती तरी नावं दिसतात. कोर्सेअर, जी.स्किल, किंग्स्टन, अडाटा. बघून वाटतं, केवढी चुरस आहे. पण हिरव्या पट्टीवरची मूळ चिप जगात मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. बाकीचे चिप विकत घेऊन त्यावर आपला पत्रा आणि आपलं नाव चढवतात. म्हणून रॅमच्या बाबतीत ब्रँडवर डोकं खपवू नका. वेग, क्षमता आणि वॉरंटी जुळवा आणि त्यातली स्वस्त घ्या.

कारखाने तीन-चारच असले की भीती कशाची, तेही सांगते. १९९९ ते २००२ या काळात रॅमच्या चिप बनवणाऱ्यांनी आपसांत संगनमत करून भाव ठरवल्याचं अमेरिकेत उघड झालं. इन्फिनिऑनला २००४ मध्ये १६ कोटी डॉलर, तर २००५ मध्ये हायनिक्सला १८.५ कोटी आणि सॅमसंगला ३० कोटी डॉलर दंड झाला. कंपन्यांनी गुन्हा कबूल केला होता. आणि संगनमत नसतानाही तीनच कारखाने असण्याचा चटका बसतोच. २०२५ च्या अखेरीस एआयच्या सर्व्हरसाठी चिप वळवल्या जाऊ लागल्या, घरगुती रॅमचे भाव कडाडले आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने 'क्रुशियल' हे आपलं ग्राहकांसाठीचं नावच बंद करत असल्याचं जाहीर केलं. दुकानातल्या नावांपैकी एक गळलं.

भाव चढलेले असताना मी लोकांना सांगते की आज लागेल तेवढीच रॅम घ्या, पण बोर्डवर जागा रिकामी ठेवा. दोन स्लॉटच्या बोर्डवर एकच पट्टी लावली तर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा वेग बराच कमी होतो, हे खरंय. वर्ड, एक्सेल, टॅली आणि प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला ते जाणवत नाही. भाव उतरले की दुसरी पट्टी, तेव्हा जी कंपनी स्वस्त देईल तिची.

लॅपटॉप घेताना मात्र एक प्रश्न आधी विचाराच: रॅम बोर्डला डाग देऊन जोडलेली आहे की बदलता येते? जोडलेली असेल तर तुमच्यापुरती स्पर्धा बिल फाडलं त्याच दिवशी संपली. पुढे रॅम वाढवायची म्हणजे लॅपटॉपच नवा घ्यायचा. पातळ, हलक्या लॅपटॉपमध्ये हे सर्रास असतं. घ्यायचाच असेल तर पुढच्या चार-पाच वर्षांना पुरेल एवढी रॅम आत्ताच घ्या, आणि ती जास्तीची किंमत दुसऱ्या लॅपटॉपशी तुलना करताना धरा. विक्रेत्याला नुसतं "वाढवता येते का" विचारलं तर तो हो म्हणून मोकळा होतो. मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर स्वतः बघा.

हार्ड डिस्कचंही तेच. सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा, बस्स. २०११-१२ मध्ये सॅमसंगचा डिस्कचा धंदा सीगेटने घेतला आणि हिताचीचा वेस्टर्न डिजिटलने. त्याच सुमाराला, ऑक्टोबर २०११ मध्ये, थायलंडमध्ये पूर आला, कारखाने पाण्याखाली गेले आणि डिस्कचे भाव भडकले. पूर समजू शकते. पण त्या डिसेंबरमध्ये सीगेट आणि वेस्टर्न डिजिटल या दोघांनीही अनेक मॉडेलांची वॉरंटी कमी केली, तीन वर्षांची दोन, काहींची तर एकच वर्ष. त्याचा पुराशी काय संबंध? तेव्हापासून मी वॉरंटीची वर्षं हे स्पर्धेचं माप मानते. जिथे तीन-पाच वर्षं सहज मिळतात तिथे कंपन्यांना तुमची गरज आहे. जिथे एका वर्षावर बोळवण होते तिथे तुम्हाला त्यांची.

एसएसडीत (हार्ड डिस्कच्या जागी येणारी, चिपवर डेटा साठवणारी डिस्क) बनवणारे जास्त, म्हणून तिथे गिऱ्हाइकाची बाजू बरी असते. पाच वर्षांची वॉरंटी असलेली एसएसडी वाजवी किमतीत मिळू शकते. तिच्यावर टीबीडब्ल्यू म्हणून एक आकडा असतो, किती डेटा लिहिला जाईपर्यंत हमी आहे त्याचा. दोन कंपन्यांचे हे आकडे शेजारी ठेवले की फरक कळतो. जुन्या परीक्षणांवर पूर्ण भिस्त ठेवू नका. काही कंपन्यांनी नाव तेच ठेवून आतल्या चिप बदलल्याची उदाहरणं २०२१ मध्ये पुढे आली होती.

ग्राफिक्स कार्ड

इथे थोडक्यात. एनव्हिडिया या कंपनीचं वर्चस्व मोठं आहे आणि ते निव्वळ कार्डांमुळे नाही. तिच्या कुडा या सॉफ्टवेअरवर मशीन लर्निंगची आणि बऱ्याच थ्री-डीच्या कामाची घडी बसलेली आहे. मुलगा ते शिकणार असेल तर निवड जवळपास झालेलीच आहे, एनव्हिडिया घ्या. पण ते गृहीत धरू नका. कॉलेजात किंवा ॲनिमेशनच्या संस्थेत कोणतं सॉफ्टवेअर शिकवतात ते विचारून मग ठरवा. नुसते गेम आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग असेल तर एएमडीचं रेडिऑन आणि इंटेलचं आर्क यांचंही कोटेशन घ्याच. इंटेल २०२२ मध्ये या बाजारात उतरली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिने १२ जीबी मेमरीचं बी५८० कार्ड २४९ डॉलरला आणलं. एनव्हिडियाच्या २९९ डॉलरच्या आरटीएक्स ४०६० मध्ये ८ जीबी होती. तिसरा माणूस बाजारात आल्याने काय होतं ते या दोन आकड्यांत दिसतं.

असुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक ही नावं वरच्या खोक्याची. चिप तीच असते. त्यांच्यात निवड करताना पंखे, वॉरंटीची वर्षं आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे एवढं बघा.

प्रिंटर, आणि नंतरचा खर्च

प्रिंटरमध्ये खरी विक्री नंतर सुरू होते, शाईची. यंत्र स्वस्तात द्यायचं आणि काडतुसांवर कमवायचं, हा या धंद्याचा जुना रिवाज. तो मोडला कुणी? बऱ्याच अंशी आपल्यासारख्या देशांतल्या गल्लीबोळांतल्या दुरुस्तीवाल्यांनी. ते प्रिंटरला बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडून द्यायचे. ठाण्यातल्या झेरॉक्सवाल्यांकडे तसे प्रिंटर मी पाहिलेत, शाईने बरबटलेले पण चालू. इंडोनेशियात हा प्रकार इतका वाढला की २०१० मध्ये एप्सनने स्वतःच टाकीवाला प्रिंटर तिथे आणला, मग तो भारतातही आला. मागोमाग कॅनन, एचपी, ब्रदर सगळ्यांना टाकी लावावी लागली.

म्हणून प्रिंटर ठरवण्याआधी दोन दुकानांत फक्त शाईचा भाव विचारा. बाटली कितीला, तिच्यात किती पानं निघतात, दुसऱ्या कंपनीची शाई चालते का. काही काडतुसांवर चिप असते आणि बाहेरचं काडतूस लावलं की प्रिंटर अडून बसतो. असा प्रिंटर फुकट मिळत असेल तरी विचार करून घ्या.

दुकानदारांमधली स्पर्धा

कंपन्यांची चुरस आपल्यापर्यंत पोहोचते ती दुकानदारामार्फत, आणि तिथेच ती पुष्कळदा अडते. एका दुकानात मला ठामपणे सांगितलं होतं की अमुक कंपनीचे बोर्ड ठाण्यात येतच नाहीत. त्याच रस्त्यावर पुढच्या दुकानात तो बोर्ड काचेत लावलेला होता. कंपन्यांच्या टार्गेटच्या स्कीम असतात. महिन्याला इतके नग विकले की दुकानदाराला वेगळा फायदा. तो खोटारडा असतो असं नाही, त्याचं गणित वेगळं असतं. हे वरच्या पातळीवरही चालतं. इंटेल आपला माल घेणाऱ्या कंपन्यांना सवलती देऊन आपल्याला बाहेर ठेवते, अशी एएमडीची तक्रार होती. नोव्हेंबर २००९ मध्ये इंटेलने १२५ कोटी डॉलर देऊन ते भांडण मिटवलं. म्हणून दुकानात एकाच कंपनीचा माल भरलेला दिसला तर तो चांगला म्हणूनच भरलाय असं समजू नका.

कोटेशन तीन घ्या. एक ठाणे स्टेशनच्या आसपासचं, एक वाशीचं, एक ऑनलाइनचं. ट्रान्स-हार्बरच्या लोकलने वाशी सरळ गाठता येतं. मोठी खरेदी असेल तर लॅमिंग्टन रोडचं चौथं. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं. कोटेशन लेखी हवं, व्हॉट्सॲपवरही चालेल, पण त्यात प्रत्येक भागाचा पूर्ण मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत असला पाहिजे. "आय५, ८ जीबी, ५१२ एसएसडी" याला मी कोटेशन म्हणत नाही. या तीन शब्दांत स्वस्तातला माल आणि उत्तम माल दोन्ही बसतात, आणि मग तुलना कशाची करणार? दर १८ टक्के जीएसटीसह आहे की त्याशिवाय, हे लिहून घ्या. "बिलाशिवाय घ्या, कमी करतो" म्हणाले तर तिथून निघा, कारण बिल नसेल तर वॉरंटीसाठी भांडायला हातात काहीच नसतं.

वॉरंटी भारतातली आहे ना, हे प्रोसेसरच्या बाबतीत खास तपासा. इंटेलने २०१६ पासून असं धोरण ठेवलं होतं की डबाबंद प्रोसेसर भारतातल्या अधिकृत वितरकाकडून आलेला असेल तरच इथे वॉरंटी. परदेशातून रीतसर आयात केलेला, अस्सल मालही त्यातून बाहेर पडला. आयात करून स्वस्तात विकणाऱ्यांची स्पर्धा यामुळे मारली जाते, अशी तक्रार झाली आणि २०१९ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशीचा आदेश दिला. तुम्ही एवढंच करा: पैसे देण्याआधी डब्यावरचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर घालून बघा आणि तोच नंबर बिलावर लिहून घ्या. वॉरंटीत टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

एक गोष्ट मनापासून सांगते. तीन कोटेशनं घेतल्यावर ठाण्यातला दुकानदार ऑनलाइनपेक्षा थोडा महाग असेल, तर तेवढ्यासाठी त्याला सोडू नका. बंद पडलेला बोर्ड घेऊन तोच सर्व्हिस सेंटरला जातो, बदली पार्ट येईपर्यंत स्वतःचा जुना पार्ट लावून देतो. सगळ्यांनी त्याच्याकडे फक्त बघायचं आणि मोबाइलवरून मागवायचं ठरवलं, तर काही वर्षांत ही दुकानं उठतील आणि मग ऑनलाइनवाल्यालाही विचारणारं कुणी राहणार नाही. फरक फार असेल तर त्याला दुसरं कोटेशन दाखवून सरळ विचारा. बहुतेक जण काहीतरी कमी करतात.

असेंबल्ड की कंपनीचं?

कंपनीच्या तयार डेस्कटॉपला माझा विरोध नाही. ऑफिसला एकसारखी मशीनं आणि जागेवर येऊन दुरुस्ती हवी असेल तर ती सोयीची पडतात. पण अनेक तयार डेस्कटॉपमध्ये एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि बोर्ड नेहमीच्या मापाचे नसतात. पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसातून कितीदा तरी जाते-येते आणि पहिला जातो तो एसएमपीएस. तो नेहमीच्या एटीएक्स मापाचा असेल तर नौपाड्यात संध्याकाळपर्यंत चार कंपन्यांचे मिळतात. कंपनीचा खास असेल तर ती म्हणेल तेव्हा आणि म्हणेल त्या भावाला. वॉरंटीत असेपर्यंत हे जाणवत नाही, चौथ्या वर्षी जाणवतं. म्हणून तयार डेस्कटॉप घेण्याआधी दुकानदाराला कॅबिनेट उघडून दाखवायला सांगा, किंवा साइटवर सर्व्हिस मॅन्युअल असतं त्यात एसएमपीएसचं माप बघा.

क्लाससाठी किंवा ऑफिससाठी बरीच मशीनं एकदम घेत असाल, तर एका खेपेची सगळी एकाच मॉडेलची घ्या. सुटे भाग एकमेकांना लागतात, विंडोज एकदा टाकून सगळ्यांवर उतरवता येतं. पुढच्या खेपेला मात्र पुन्हा दोन कंपन्या, तीन दुकानं. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) देणारा जर "फक्त आमच्या कंपनीचेच पार्ट" अशी अट घालत असेल तर ती सही करण्याआधी खोडायला सांगा.

आणि कॉलेजसाठी घ्यायचं असेल तर प्रवेशाची गडबड सुरू होण्याआधी, मे महिन्यातच कोटेशनं मागवा. तेव्हा दुकानदाराला बोलायला वेळ असतो आणि तुम्हाला दुसऱ्या दुकानात जायला.